कमलबाई मागे बसतात

माणसाने घरात हेल्मेट घालून चहा प्यावा का? हा प्रश्न कमलबाईंनी गल्लीत दारोदार विचारला होता आणि "हो, प्यावा" असं म्हणणारा माणूस सुरतेच्या उधन्यात तरी त्यांना भेटला नव्हता. तरी त्यांचे यजमान सुकदेवआप्पा रोज सकाळी तेच करत होते. काच वर करायची, बशी आत सरकवायची, फुर्र करून घोट घ्यायचा, काच खाली. परत काच वर. पोह्यांचं तर विचारूच नका. पोहे खाऊन झाले की हेल्मेट उलटं करून ताटलीत झटकायचं, आणि जे शेंगदाणे पडतील ते पुन्हा खायचे.

"हे काय चालवलंय?" कमलबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं.

"मानेला सवय करतोय," आप्पा म्हणाले. आवाज रांजणाच्या तळातून आल्यासारखा.

"कशाची?"

"पोलीस फार कडक झालेत."

"पोलीस काय आपल्या सैपाकघरात येणारेत?"

आप्पांनी काच खाली केली. हे त्या हेल्मेटचं दुसरं दुखणं. पूर्वी बोलणं नको असलं की आप्पा उठून बाहेर जायचे, निदान दाराचा आवाज तरी यायचा. आता जागच्या जागी बसून बाहेर जायची सोय झाली होती.

आप्पा दिवाळीला लूमच्या कारखान्यातून कायमचे घरी आले. उभा जन्म संच्यांच्या, म्हणजे कापडाच्या मागांच्या खडखडाटात गेलेला, त्यामुळे कान निम्मे गेलेले आणि बोलणं त्याहून कमी. कमलबाई नातेवाइकांत सांगायच्या, "आमच्या घरात दोघांचं बोलणं मला एकटीला करावं लागतं." अशा माणसाने रिटायर झाल्यावर देवळात जावं, ओट्यावर बसावं, फार तर सुनेला मटार सोलून द्यावेत. हेल्मेट कशातच बसत नव्हतं.

पण हेल्मेट एकवेळ परवडलं असं वाटायची पाळी लवकरच आली. कमलबाई सकाळी कपडे वाळत घालायला गॅलरीत गेल्या, तर आप्पा पाठमोरे उभे, आणि त्यांचे हात आपोआप हलतायत. एक बोट नाकपुडीला लागलं. मग पाची बोटं एखाद्या चोचीसारखी उघड-मिट, उघड-मिट. मग दोन्ही तळवे कानांवर. मग एक हात हवेत नागमोडी वर गेला, तसाच खाली आला आणि शेवटी आडवा होऊन लाटेसारखा डुलायला लागला. समोर कोणी नाही. समोर फक्त धुडकूभाऊंच्या गच्चीवरची पाण्याची काळी टाकी. हे धुडकूभाऊ म्हणजे आप्पांचे लूमवरचे जोडीदार. कमलबाईंच्या मते त्यांनी आयुष्यात एकच काम पूर्ण केलं होतं, ते म्हणजे रिटायर होणं.

कमलबाईंच्या हातून बादली सुटली. तिच्या आवाजाने शेजारची कुसुम पदर खोचत धावत आली.

"माय वं! काय व्हयनं?"

"ह्यांचे हात बघ. आपोआप हलतायत. सारखं नाक चाचपतायत."

कुसुम पोचेपर्यंत आप्पांचे हात खिशात गेले होते. पण कुसुमला निदान करायला रोगी लागत नाही. "लकवा शे हाऊ," ती म्हणाली. "पहिला झटका. यावर कबुतराचं रक्त चोळायचं, गरम गरम."

आणि कबूतर आलंसुद्धा. उधन्यात डॉक्टरची पाळी लागायला दुपार होते, पण कबूतर पाच मिनिटांत मिळतं. त्याला धरायचं कोणी, कापायचं कोणी, यावर ओट्यावर चर्चा चालू असताना ते सुटलं, घरात घुसलं, पंख्यावर बसलं, देवघरावर बसलं आणि शेवटी आप्पांच्या डोक्यावर, म्हणजे हेल्मेटवर येऊन टेकलं. आप्पा हलले नाहीत. बहुतेक त्यांना कळलंच नाही. कमलबाईंना मात्र तो सरळसरळ अपशकुन वाटला आणि त्यांनी रिक्षा बोलावली.

डॉक्टरांनी आप्पांना हात वर करायला लावले, जीभ बाहेर काढायला लावली, गुडघ्यावर हातोडी मारली. गुडघ्याने अशी लाथ झाडली की डॉक्टरांचं स्टूल सरकलं.

"माजी, काकाने कशुं नथी. एकदम तंदुरुस्त."

"तंदुरुस्त? मग हे नाक का चाचपतात? चोची का करतात?"

"व्यायाम," आप्पा पुटपुटले. "क्लच दाबावा लागतो."

"नाकाने?"

डॉक्टर आप्पांकडे वळले. "काका, मनमां कंई टेन्शन छे? बोली नाखो."

आणि आप्पा बोलले. जमिनीकडे बघत, एका दमात बोलले. "मोटारसायकलवर जायचंय. सापुताऱ्याचे डोंगर, मग नाशिक, मग जव्हारचा घाट उतरून डहाणूला समुद्र, आणि मग समुद्राच्या कडेकडेने घरी. लूमवर असतानाच ठरवलं होतं."

लग्नापासून आजवर त्यांच्या तोंडून एवढं लांब वाक्य कमलबाईंनी ऐकलं नव्हतं. त्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या. लकवा परवडला असता. लकव्याला औषध असतं.

डॉक्टर मात्र खुर्चीतून उठलेच. "अरे वाह! आ उमरे! माजी, तमे तो नसीबदार! मारी वाइफने हुं डुमसना दरिया सुधी नथी लई गयो!"

आप्पांनी काही सांगायला तोंड उघडलं. मग मिटलं. मघाशी जीभ काढायला लावली होती, त्यानेच जबडा सैल झाला असावा, असं कमलबाईंना वाटलं.

घरी येऊन त्यांनी ओट्यावर उभं राहून नकार जाहीर केला. ऐका म्हणावं, या वयात मोटारसायकलवर डोंगर! चांगली रेल्वे आहे, एसटी आहे, मुलगा सागर हजीऱ्याला चांगल्या कंपनीत आहे, तो गाडी करून देईल. मी काय बाजारातली पोरगी आहे, नवऱ्याच्या पाठीला चिकटून फिरायला? मी येणार नाही. मेले तरी येणार नाही. आप्पा प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. इतका आज्ञाधारक माणूस गल्लीने पाहिला नव्हता. "बरोबर आहे," ते म्हणाले, "तुझी कंबर..." आणि त्यांच्या चेहऱ्यावर जवळजवळ आनंद दिसला.

घात केला तो कुसुमने. ती संध्याकाळी कोथिंबीर निवडायला आली आणि उसासा टाकून म्हणाली, "वहिनी, तुमचं नशीब. आमचे हे मला मोपेडवर भाजीमार्केटलासुद्धा नेत नाहीत. म्हणतात टायर बसतो. आणि तुम्हाला माणूस समुद्र दाखवायला नेतोय, तर तुम्ही नाही म्हणताय. मी असते ना, तर आत्ता जाऊन बसले असते सीटवर."

कुसुमने आपल्यावर जळावं, हा क्षण कमलबाईंच्या वाट्याला फार वर्षांनी आला होता. कुसुमच्या दाराला नवीन ग्रिल लागलं तेव्हापासून उलटंच चाललं होतं. कमलबाई रात्रभर विचार करत बसत नाहीत. त्यांचे निर्णय कोथिंबिरीची जुडी संपायच्या आत होतात. आत जाऊन त्या आप्पांपुढे उभ्या राहिल्या आणि दान दिल्यासारख्या म्हणाल्या, "बरं. येते मी."

आप्पांच्या हातातलं हेल्मेट खाली पडलं आणि घरंगळत मोरीपर्यंत गेलं. आनंद माणसाला असा वेंधळा करतो.

त्या दिवसापासून सहलीची सूत्रं योग्य हातात आली. कमलबाईंची शाळा तिसरीत सुटली, तेव्हा नकाशापर्यंत त्या पोचल्याच नव्हत्या. पण नकाशा नसला म्हणून त्यांचं कधी अडलं नाही. कोणता नातेवाईक कुठे राहतो हे माहीत असलं की रस्ता आपोआप समजतो. सागरने मोबाइलवर काढलेला निळा रस्ता त्यांनी एक नजर बघितला आणि बाजूला सारला.

"सापुताऱ्याहून आधी वणी. आईच्या पाया न पडता पुढं जायचं नाही. मग नाशिकला सुषमाकडे दोन रात्री." सुषमा ही त्यांची धाकटी बहीण. "तिच्यासाठी कुरडयांचा डबा न्यायचाय. मागे बांधा."

"मागे तू बसणार आहेस," आप्पा म्हणाले.

"मग पुढे बांधा. आणि डहाणूनंतर काय लिहिलंय?"

धुडकूभाऊ तिथेच बसले होते. अलीकडे ते रोज येऊन बसायचे, सुतकात आल्यासारखे. त्यांनी खाकरून सांगितलं, "दमण, वहिनी."

"दमणला काय आहे?"

"किल्ला आहे. ऐतिहासिक."

"अख्ख्या गुजरातेतले बाप्ये शनिवारी किल्लाच बघायला जातात होय तिकडं? येताना सीटखालच्या बाटल्यांत किल्लाच भरून आणतात वाटतं."

दमण कटलं. धुडकूभाऊ उठून निघून गेले. काय ही जळाऊ जात, कमलबाईंच्या मनात आलं. मित्राला चार दिवस सुखाचे मिळतात तर याचं तोंड बघा!

मग पोशाखाचा प्रश्न आला. साडीत एका बाजूला पाय टाकून बसायचं तर घाटात वळणावर बाई दरीच्या बाजूला लटकणार, असं सून मनीषाने समजावलं. म्हणजे दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायचं, पुरुषासारखं. हे ऐकून कमलबाई इतक्या हादरल्या की त्यांनी मनीषाला तेच वाक्य परत म्हणायला लावलं. ज्या शहरात जगाच्या साड्या निघतात, तिथे कमलबाईंसाठी पंजाबी ड्रेस आला. तो घालायला त्या न्हाणीघरात गेल्या त्या बाहेर येईनात. "मम्मी, मस्त दिसता," मनीषा दाराबाहेरून म्हणाली. "न बघताच?" आतून उत्तर आलं. अखेर आल्या, पण डावा हात सारखा खांद्याकडे जायचा, नसलेला पदर सारखा करायला.

सरावासाठी सोफ्याचा हात होता. पुढे मनीषा आप्पा झाली, मागे कमलबाई. "आता डावं वळण," मनीषा म्हणाली आणि डावीकडे झुकली. कमलबाईंना झुकणं माहीत नव्हतं. त्या आजवर कोणापुढे झुकल्या नव्हत्या. त्या ताठ राहिल्या आणि सोफा झुकला. शोकेसमधला सागरचा शाळेतला कप आणि चिनी मातीचे दोन हत्ती त्या वळणावर कामी आले.

हेल्मेटचीही तीच तऱ्हा. आप्पांनी एकसारखी दोन आणून ठेवली होती, म्हणजे या माणसाने मनातल्या मनात सगळी तयारी केलेली, हे बघून कमलबाईंना क्षणभर भरूनच आलं. पण त्यांचा अंबाडा आत मावेना. हेल्मेट अंबाड्यावर बसायचं आणि त्यांची उंची वीतभर वाढायची. शेवटी अंबाडा सोडून वेणी घातली, परकरी पोरीसारखी, आणि डोकं आत गेलं. आत आवळ्याच्या तेलाचा घमघमाट.

"नवीन म्हणून वापरलेलं विकलं की हो तुम्हाला! कोणत्या मेल्याच्या डोक्यावरचं आहे हे?"

आप्पा छताकडे बघत राहिले. "मला तुला एक सांगायचंय," ते म्हणाले.

"सांगा की. पण आधी ते गाडीच्या पासिंगचं काय झालं ते सांगा. सागर म्हणतो गाडीला पंधरा वर्षं होऊन गेली, परत पासिंग लागतं. नाहीतर पहिल्या नाक्यावर उतरवतील. नशीब म्हणायचं मी लक्ष घातलं! नाहीतर तुम्ही... काय म्हणत होतात?"

"काही नाही," आप्पा म्हणाले. असं चार-पाच वेळा झालं. त्यांना काहीतरी सांगायचं असायचं आणि मग नसायचं.

आरटीओत कमलबाई स्वतः गेल्या, ड्रेस घालून. तेवढीच सवय. साहेब चांगला होता, पण त्याला गाडीचा चासी नंबर हवा होता आणि नंबर गाडीवर नव्हता. नव्हता म्हणजे, होता; पण आप्पा दर दसऱ्याला लूमच्या संच्यांना हिरवा ऑइलपेंट मारायचे आणि उरलेला डबा घरी आणून गाडीला मारायचे. संचा काय, गाडी काय, लक्ष्मीच. इतक्या दसऱ्यांचे थर चढून नंबर गुळगुळीत झाला होता.

"नंबर वगर पासिंग नहीं थाय, माजी. रंग घसावीने काले लावो."

"उद्या परत यायचं? छे!" कमलबाई उकिडव्या बसल्या, केसातला आकडा काढला आणि खरवडायला लागल्या. साहेब "माजी, रहेवा दो, रहेवा दो" म्हणत राहिला. गर्दी जमली. एका दसऱ्यामागून दुसरा दसरा सोलून निघत होता आणि नव्या ड्रेसचे गुडघे हिरवे होत होते. नंबर दिसायला लागला तेव्हा एका माणसाने वाकून विचारलं, "मावशी, ही गाडी भंगारात कितीला घेतली?" आप्पा मध्ये पडले नसते तर तो माणूस आज आकडा घेऊन दवाखान्यात असता.

पासिंग झालं. निघायचा दिवस ठरला. गल्लीत सगळ्यांना सांगून झालं, सुषमाला फोन झाला, वणीच्या आईला नारळ बोलून झाला. आणि निघायच्या आदल्या दुपारी कमलबाई कुसुमबरोबर सैपाकघराच्या खिडकीत मेथी निवडत बसल्या असताना आप्पा गॅलरीत गेले.

पुन्हा तेच. नाकाला बोट, चोच, कान.

"बघितलंस? गेलेला नाही लकवा. डॉक्टर काय सांगतात!"

पण कुसुम आप्पांकडे बघतच नव्हती. ती समोरच्या गच्चीवर, टाकीच्या आडोशाला बघत होती. तिथे धुडकूभाऊंचं अर्धं डोकं आणि दोन हात दिसत होते, आणि ते हातही हलत होते. कुसुमने तोंडात पदर कोंबला.

"काय झालं?"

"काही नही, वहिनी."

"कुसुम."

"अहो, लकवा नाही तो. लूमची बोली आहे. मी चार वर्षं सुताच्या कांड्या भरल्या ना खात्यात, मला येते. संच्यांच्या आवाजात कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून सगळे हातानं बोलतात."

कमलबाईंनी लूमच्या खात्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं. 'आमच्या घरच्या बायका कामाला जात नाहीत' हे वाक्य त्यांनी कुसुमला त्या चार वर्षांत बऱ्याचदा ऐकवलं होतं. आता त्याच कुसुमला त्या म्हणाल्या, "काय बोलतायत, सांग."

"जाऊ द्या ना."

"सांग म्हणते."

कुसुमला आग्रह दोनदाच करावा लागतो. "नाकाला बोट म्हणजे घरवाली, नथ असते ना तिथं. चोच म्हणजे बोलणं. कानावर हात म्हणजे संचा चालू आहे. आप्पा म्हणतायत..." ती अडखळली, पण थांबली नाही. "म्हणतायत, इतकी वर्षं कारखान्यात संचा ऐकला. घरी आलो तर घरवालीचं बोलणं चालू, हा संचा रात्रीसुद्धा बंद होत नाही. म्हणतायत, धुडक्या, आपण दोघांनी ठरवलं होतं, डोंगरावर जाऊ, समुद्रावर बसू, कोणी काही बोलणार नाही. आता तिला कसं सांगू?"

समोरून धुडकूभाऊंचे हात हलले. "धुडकूभाऊ म्हणतायत, सांगून टाक."

आप्पांनी समोर बोट केलं. "आप्पा म्हणतायत, तू सांग."

धुडकूभाऊंनी गळ्यावरून आडवा हात फिरवला. त्याचा अर्थ कुसुमने सांगितला नाही. तेवढी लूमची बोली कमलबाईंनाही आली.

मेथी खाली पडली. दुसरं हेल्मेट, धुडकूच्या डोक्याचं आवळ्याचं तेल, दमणचा किल्ला, सुतकी चेहरा, सगळं एकदम येऊन छातीवर बसलं. आप्पांनी कमलबाईंना विचारलंच नव्हतं. कधीच विचारलं नव्हतं. ज्या सीटवर बसायला त्या सोफा मोडून शिकल्या, ती सीट धुडकूची होती.

आणि बोलणं! कमलबाईंचा आवाज काय जन्मापासून असा होता? लग्नात उखाणा घेतला तेव्हा पहिल्या रांगेलासुद्धा ऐकू गेला नव्हता. या माणसाचे कान जसजसे गेले तसतसा त्यांनी आवाज चढवला, दरवर्षी थोडा थोडा, याला ऐकू जावं म्हणून. आणि आता हा म्हणतो, संचा!

"नीट वाचलंस ना?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. इतक्या हळू की कुसुम घाबरली.

"मी कोणाला सांगणार नाही, वहिनी. आईची शपथ."

म्हणजे संध्याकाळपर्यंत. कमलबाई मेथी गोळा करता करता हिशेब मांडत होत्या. उद्या नाही गेले, तर गल्ली म्हणणार नवऱ्याने टाकून मित्राला नेलं. गेले, तर कुसुम म्हणणार नको असताना चिकटली. दोन्हीकडून नाक कापलेलंच. मग निदान समुद्र तरी का सोडा?

सकाळी गाडीपुढे अख्खी गल्ली होती. गाडीला हार, हँडलला लिंबू-मिरची, पुढे कुरडयांचा डबा. धुडकूभाऊ नारळ घेऊन उभे, बहिणीची पाठवणी असल्यासारखे. कुसुम सगळ्यांत पुढे, डोळे विस्फारून. कमलबाई ड्रेस घालून बाहेर आल्या, वेणी पाठीवर, कोणाकडे बघितलं नाही, पाय टाकला आणि बसल्या. बाणासारख्या ताठ.

"बसलीस?" आप्पांनी विचारलं.

कमलबाई बोलल्या नाहीत. त्यांना तसंच करायचं होतं. यांना गुपचूप प्रवास हवाय ना? घ्या म्हणावं. पोटभर घ्या.

सचिन गाव येईपर्यंत आप्पा खुशीत होते. खांदे सैल, एकदा तर काहीतरी गुणगुणले. नवसारीच्या आसपास ते मान वळवायला लागले. हेल्मेटमध्ये कानाला वारा, निम्मे कान आधीच गेलेले, मागून शब्द नाही. गतिरोधक आला, तरी "अगं माय" नाही. ट्रक घासून गेला, तरी ड्रायव्हरच्या आईचा उद्धार नाही. आप्पांनी आरसा वळवला. आरशात स्वतःचंच हेल्मेट दिसलं. त्यांनी गाडी कडेला घेतली.

"आहेस ना?"

कमलबाईंनी मान हलवली. गाडी निघाली. चिखलीला परत थांबली. "पाणी पाहिजे का?" मान हलली, नाही. मग पेट्रोल पंपावर, मग पुलावर, मग ऊस भरलेल्या बैलगाडीमागे, मग कशाहीमागे. दर थोड्या अंतरावर आप्पा थांबत, उतरत, मागे येऊन बघत आणि पुन्हा बसत. एकदा तर चालत्या गाडीवर एक हात मागे करून त्यांनी चाचपून बघितलं आणि हाताला नुसता सीटचा पट्टा लागला, तेव्हा असा ब्रेक मारला की मागचा टेम्पोवाला गुजरातीत, हिंदीत आणि आणखी कुठल्यातरी भाषेत बोलला.

या हिशेबाने वांसदा यायलाच ऊन कललं. सापुताऱ्याचे डोंगर समोर निळे दिसत होते आणि पोचायची आशा नव्हती. रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर आप्पांनी गाडी लावली, हेल्मेट काढलं. कपाळ घामाने निथळत होतं, थंडीत.

"उतर," ते म्हणाले. "बोल काहीतरी. काहीही बोल."

कमलबाईंनी चहा घेतला. बशीत ओतला. फुंकर घातली.

"शिवी दे. रस्त्याला दे, मला दे. हे काय लावलंयस? सकाळपासून माझं डोकं चालत नाही. सारखं वाटतं मागे कोणी नाही. वाटतं पडली, आणि मी आपला एकटाच चाललोय मूर्खासारखा. मी पुढं बघू की मागं?"

कमलबाई घोट घेत राहिल्या. टपरीवाल्याने गाळणं हातात धरूनच विचारलं, "काका, झगडो थयो?"

"हो," आप्पा म्हणाले. मग सावकाश खाली बाकावर बसले. "कुसुमला लूमची बोली येते. माझ्या लक्षातच नाही राहिलं."

कमलबाईंनी उरलेला चहा बशीत ओतला.

"धुडक्याशी बोललो ते खरं आहे. खोटं कशाला सांगू. मला वाटलं होतं, आवाज बंद झाला की बरं वाटेल." त्यांनी चहाचा ग्लास उचलला, तसाच ठेवला. "सचिनपर्यंत वाटलं. तेवढंच. मग भीतीच वाटायला लागली. संचा बंद पडला की लूमवर आम्ही झोपेतून उठून बसायचो गं, काय बिघडलं बघायला. चालू असला की झोप लागायची."

कमलबाईंनी बशी ठेवली. पदर सारखा करायला हात वर गेला, पदर नव्हता, हात तसाच वेणीवर ठेवला. मग त्यांनी घसा साफ केला आणि वांसद्यापासून पुढच्या डोंगरापर्यंत ऐकू जावं अशा आवाजात बोलल्या. टपरीवाल्याच्या हातून गाळणं पडलं.

"सागरचे बाप, आता नीट ऐका, परत सांगणार नाही. हा आवाज मी माहेराहून आणलेला नाही, तुमच्या कानांसाठी वाढवलाय, तेव्हा तो ऐकावाच लागेल. माणूस वाईट नाही तुम्ही, पण भित्रे आहात. बायकोला तोंडावर नाही म्हणता येत नाही आणि निघालेत घाट चढायला! धुडकूला परत कधीतरी न्या, मी अडवणार नाही, दमणलासुद्धा न्या. पण आज मी बसलेय. तेव्हा गाडी चालवायची, पुढं बघायचं, मागं हात घालून चाचपायचं नाही. मी पडले तर ओरडून पडेन. गुपचूप पडणारी बाई तुमच्या घरात आलेलीच नाही!"